स्थळ आढळले नाही

आमच्या ज्ञातीच्या वधूवर मंडळाचं कॉम्प्युटरचं काम माझ्या गळ्यात नक्की कधी पडलं ते मला आठवत नाही. मी रत्नागिरीत लहानसहान कचेऱ्यांचे कॉम्प्युटर सांभाळते. एक पतसंस्था, दोन डॉक्टर, एक कॅनिंगवाले. अशा बाईला ज्ञातीतलं कुणी ना कुणी एक दिवस म्हणतंच, की ताई, जरा मंडळाचंही बघा. ज्ञातीचं काम म्हणजे फुकटचं काम, आणि फुकटच्या कामाला नाही म्हटलं की बाई शिष्ट ठरते. मी हो म्हटलं. पण शिष्ट ठरायची भीती हे काही खरं कारण नव्हतं. माझ्या धाकट्या भावाचं नाव त्या मंडळात होतं, आणि त्याचं लग्न जमत नव्हतं.

भाऊ अडतीस वर्षांचा. गणपतीपुळ्याच्या रस्त्याला आमचं गाव आहे, तिथे आई आणि तो असे दोघंच राहतात. हापूसची कलमं आहेत, थोडी काजू, आणि पुळ्याला येणाऱ्या यात्रेकरूंसाठी घराच्या मागच्या अंगाला त्याने दोन खोल्या बांधल्यात, संडास-बाथरूमसकट. बी.कॉम. आहे. सुपारीच्या खांडाचंसुद्धा व्यसन नाही. सगळे म्हणतात मुलगा सोन्यासारखा आहे, आणि मग थांबतात. त्या थांबण्यात काय असतं ते कोकणातल्या प्रत्येक घराला ठाऊक आहे. मुलगा गावात राहतो. मुलींना मुंबई हवी, पुणं हवं, निदान महिन्याच्या महिन्याला पगाराची स्लिप तरी हवी. आमचा एक मावसभाऊ लोट्याला केमिकल कंपनीत बॉयलरवर आहे, तीन पाळ्यांत झोपेचं खोबरं झालेलं, पण सकाळी कंपनीची बस न्यायला येते ना, त्याचं जमलं. माझ्या भावाला न्यायला कुणाची बस येणार? त्याने उठून बागेचा दगडी गडगा ओलांडला की कामावर.

पहिली काही वर्षं तो हसण्यावारी न्यायचा. मग हसणं कमी झालं. दुसऱ्याच्या लग्नाला जायचं टाळायला लागला, कारण पंगतीत बसलं की शेजारचा विचारणार, तुझं कधी? एकदा त्याने मला विचारलं होतं की माझ्यात काही खोट आहे का, बाईमाणसाला दिसते आणि मला दिसत नाही अशी. मी म्हटलं, गाढवा, असलं काही बोलू नकोस. पण विचारताना त्याने मान खाली घातली होती, ते काही माझ्या डोळ्यांसमोरून हलेना.

मंडळाची दोन ऑफिसं. एक आमचं रत्नागिरीचं, देवळाच्या सभागृहाच्या बाजूच्या खोलीत. दुसरं मुंबईत, ते रविवारी उघडतं. मुलींचे आईबाप बहुतेक मुंबईतच, ते रविवारी तिथे जाऊन बसतात, काय हवंय ते सांगतात, आणि तिथले काका कॉम्प्युटरवर शोधून स्थळं काढून देतात. काका बँकेतून निवृत्त झालेले. आमच्याकडे गुरुजी, प्राथमिक शाळेतून निवृत्त. दोन्हीकडची माहिती एकाच ठिकाणी साठते, प्रोग्राम एकच. तो कुणीतरी फार पूर्वी करून दिलेला, पडद्यावरच्या सूचना मराठीत, पण नाव, गाव, शिक्षण, सगळं इंग्रजी अक्षरांत हाताने टाइप करायचं. शोधतानाही तसंच.

गुरुजींचं म्हणणं, मुंबईच्या मुली हल्ली मंडळात नाव घालतच नाहीत. काकांचं म्हणणं, गावची मुलं नाव घालतच नाहीत. दोघंही हे वर्षानुवर्षं मीटिंगमध्ये सांगत होते आणि सगळे माना डोलवत होते. मीही डोलवली असेल. दिवसच असे आलेत म्हटलं की कुणाला पुढे काही विचारावं लागत नाही.

मग रत्नागिरीत मेळावा झाला. मेळावा म्हणजे सभागृहात खुर्च्या, शर्टाला लावलेले नंबराचे बिल्ले, आणि माइकवरून आपलं वय-उंची सांगणारी मुलं. मुलं पोत्याने आणि मुली मोजक्या, हे सांगायला नकोच. काका मुंबईहून लॅपटॉप घेऊन आले होते. भावाला मी अक्षरशः ओढून नेलं होतं. इस्त्रीचा शर्ट घालून तो टेबलापाशी उभा होता, बिल्ला छातीवर, हात मागे बांधलेले. तेवढ्यात बोरिवलीच्या एक बाई आल्या, चांगल्या, मोकळ्या बोलणाऱ्या. त्या म्हणाल्या, आमच्या मुलीला गावाकडची आवड आहे, तिने शेतीचंच शिक्षण घेतलंय, इकडचा कुणी पदवीधर बागायतदार मुलगा असेल तर बघा. काकांनी टाइप केलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, "असा कुणी नाही."

माझा भाऊ त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होता. मी म्हटलं, अहो काका, हा काय, हा इथे आहे, याचं नाव शोधा. काकांनी नाव टाइप केलं. पडद्यावर आलं, स्थळ आढळले नाही. बाई थोडं अवघडून हसल्या. भाऊ म्हणाला, जाऊ दे ताई, आणि बिल्ला काढायला लागला. काका आपले शांतपणे सांगत होते की यांचं नूतनीकरण राहिलं असेल. इतका संताप आला मला. नूतनीकरण मी स्वतः केलं होतं.

मी लॅपटॉप स्वतःकडे ओढला. कॅप्स लॉकचा दिवा लागलेला होता. तो काकांकडे कायमच लागलेला असतो, कारण बँकेत सगळं मोठ्या अक्षरांत लिहायची सवय. मी दिवा घालवला आणि भावाचं नाव लहान अक्षरांत टाइप केलं. फोटोसकट तो समोर आला. उंची, पत्रिका, बाग, दोन खोल्या, सगळं. बाई मात्र तोवर दुसऱ्या टेबलाकडे गेल्या होत्या, आणि नंतर मी शोधलं तेव्हा जेवून निघून गेल्या होत्या. मुलीचं नाव त्यांनी अजून मंडळात घातलेलं नव्हतं, त्यामुळे पत्ताही मागे राहिला नाही.

कॉम्प्युटरला मोठा A आणि लहान a ही दोन वेगळी अक्षरं. आपण सांगितलं नाही तर तो ती एक धरत नाही. आमचे गुरुजी एका बोटाने टाइप करतात. मोठं अक्षर काढायचं तर दुसऱ्या बोटाने दुसरं बटण दाबून धरावं लागतं, म्हणून त्यांनी तो नाद पहिल्या दिवसापासून सोडलेला. त्यांनी भरलेली सगळी मुलं लहान अक्षरांत. काकांनी भरलेली सगळी मोठ्या अक्षरांत. गुरुजी लहान अक्षरांत शोधायचे, त्यांना रत्नागिरी सापडायची. काका मोठ्या अक्षरांत शोधायचे, त्यांना मुंबई सापडायची. दोघांनाही काहीतरी सापडत होतं, म्हणून बिघाड आहे असं कुणालाच वाटलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा.

त्या दिवशी आम्ही दोघं स्कूटरवरून गावी परत निघालो. आरेवारेच्या चढावर आल्यावर भाऊ एकदम म्हणाला, "म्हणजे इतकी वर्षं मी कुणाला दिसतच नव्हतो." मी म्हटलं नव्हतास. तो हसायला लागला. इतका हसला की त्याने गाडी बाजूला घेतली. मला वाटलं होतं चिडेल, आणि हा बाबा खूश. नकार कुणी दिलाच नव्हता ना. त्याच्यात खोट नव्हती, खोट कॉम्प्युटरमध्ये होती.

दुसऱ्या दिवसापासून त्याच्या अंगात काय संचारलं कोण जाणे. नवीन फोटो काढून आणला. स्वयंपाकघरात ओटा घालून घेतला, आईने किती वर्षं मागितला होता तो. बैठकीच्या खोलीला रंग दिला, रंग कुठला द्यावा म्हणून मला पाच वेळा फोन. आई म्हणाली, काय झालंय गो याला. मी म्हटलं, काही नाही, कॉम्प्युटर दुरुस्त होतोय. ती काय समजली देव जाणे, पण तिने पुळ्याच्या गणपतीला एकवीस मोदक बोलले.

दुरुस्ती तशी अवघड नव्हती. शोधताना दोन्हीकडची अक्षरं आधी लहान करून घे आणि मग जुळव, एवढंच त्याला सांगायचं. सांगितलं. सगळे सापडायला लागले, पण मुंबईहून काकांचा फोन, की बाई, मी चहा पिऊन येतो तरी ते चक्र फिरतंच आहे. झालं होतं असं, की जुना इंडेक्स, म्हणजे पुस्तकामागे असते तशी सूची, मूळच्या लहान-मोठ्या अक्षरांवर बांधलेला. अक्षरं बदलून शोधायचं म्हटल्यावर तो निरुपयोगी, आणि कॉम्प्युटर पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एकेक उघडून बघत होता. त्यात मशीन जुनं, आणि फोटो, पत्रिका सगळं एकाच तक्त्यात कोंबलेलं. भाऊ रोज विचारायचा, झालं का? मी म्हणायची, झालंय पण फार हळू चालतंय. मग मी लहान केलेल्या अक्षरांवर नवा इंडेक्स बांधला. आता नाव टाकायचा अवकाश, काकांना कुठल्याही अक्षरांत कुणीही सापडायला लागलं. काहीजण दोनदा सापडले, कारण हुशार आईबापांनी दोन्ही ऑफिसांत नावं घातली होती.

गणपतीच्या आधी हे काम संपलं. आणि पुढेही मी भावाला सांगत राहिले की अजून थोडं बाकी आहे.

का सांगितलं? तर प्रोग्राममध्ये कोणी काय शोधलं आणि कुठलं स्थळ उघडलं हे मला दिसतं. काम संपल्याचा पहिला रविवार गेला आणि सोमवारी सकाळी मी बघितलं. माझा भाऊ सापडला होता. काकांनी उघडला होता, कुणालातरी दाखवला होता, बंद केला होता. मी फोनची वाट बघितली. फोन आला नाही. पुढच्या सोमवारी पुन्हा तेच, उघडला, बंद केला. त्याच्यापुढच्या सोमवारीही तेच. मला दर सोमवारी ते बघायचं व्यसनच लागलं. कामावर जायच्या आधी, केस विंचरायच्या आधी मी ते बघायची. नवरा म्हणायचा, तू हे बघू नकोस. न बघून कसं चालेल? मीच तर त्याला चव्हाट्यावर उभा केला होता.

एकदा एक फोन आला. मुलीचे वडील, अंधेरीहून, थेट भावालाच. त्याने लगेच मला फोन करून सांगितलं. गृहस्थांनी बागेची चौकशी केली, कलमं किती, फवारणी करता का, पिकवायला आढी गवतात घालता का. मग विचारलं, मुंबईत यायचा काही विचार? भाऊ म्हणाला, आई आहे, बाग आहे. ते म्हणाले, बरोबर आहे, बरोबर आहे. आणि मग म्हणाले, मोसमात आमच्यासाठी दोन पेट्या ठेवा. भाऊ मला हे हसत सांगत होता. त्याला अजून वाटत होतं की कॉम्प्युटर पुरता दुरुस्त झालेला नाही, आणि हे एक चुकून सापडलेलं गिऱ्हाईक.

मीच ते वाटू देत होते. एक खोटं बोललं की पुढचं आपोआप तोंडात येतं. कधी म्हणायची सर्व्हर बदलायचाय, कधी म्हणायची मुंबईच्या लोकांना नवीन पद्धत कळत नाही. तो बिचारा मान हलवायचा. शनिवारी-रविवारी गावी जायचं मला संकट वाटायला लागलं, आणि नाही गेले तर आई विचारणार. खरं सांगावं तर त्याचा ओटा, त्याचा रंग, सगळं पाण्यात. न सांगावं तर हा आणखी किती दिवस वाट बघत बसणार? इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ती मी त्या महिन्यांत पुरती भोगली.

शेवटी मला काही बोलावंच लागलं नाही. दिवाळीनंतर काका सहकुटुंब पुळ्याला दर्शनाला आले आणि आमच्याच खोलीत उतरले. मी तेव्हा गावी होते. सकाळी घरापुढच्या खळ्यात चहाला बसल्यावर काका भरभरून बोलायला लागले. भावाकडे वळून म्हणाले, "तुमच्या बहिणीने काय काम केलंय. गणपतीच्या आधीपासून एकूण एक गावचा मुलगा दिसतोय. तुम्हाला तर मी दर रविवारी कुणाला ना कुणाला दाखवतो." माणूस वाईट नाही. कौतुकच करत होता. मी कपबशी खाली ठेवली. भाऊ म्हणाला, हो का, छान. मग उठून त्यांच्यासाठी आणखी पोहे आणायला आत गेला.

काका देवळात गेल्यावर तो मागे काजूंच्या खाली गवत काढत होता. मी जाऊन उभी राहिले. त्याने कोयती खाली ठेवली.

"म्हणजे मला बघितलं. आणि बघून नको म्हणाले."

मी म्हटलं, लोक मूर्ख आहेत. त्यांना काय कळतं, मुंबईच्या दीड खोलीत मुलगी देतात आणि इथे राजासारखं घर आहे ते दिसत नाही. आंबे पाहिजेत आणि आंबेवाला नको. बरंच काही बोलले मी, रागाने बोलले, डोळ्यांत पाणी आलं. त्याने सगळं ऐकून घेतलं. माझी मुलगी पुण्याला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. लहानपणापासून ती मामाच्या अंगाखांद्यावर वाढलेली. त्याने तिचं नाव घेतलं, आणि अगदी साधेपणाने विचारलं.

"तिच्यासाठी असं स्थळ आलं, तर देशील?"

मी तोंड उघडलं. हो म्हणणार होते. माझ्या तोंडून तो हो निघेना. मुलीची नोकरी, तिचं शिक्षण, पावसाळ्यात चार-चार दिवस जाणारी लाइट, म्हातारी सासू, सगळं एका क्षणात माझ्या डोक्यातून गेलं. मला स्वतःची इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती.

तो म्हणाला, "रडू नको गो. मीसुद्धा दिली नसती." आणि कोयती उचलत म्हणाला, "एक कर. ते परत पहिल्यासारखं कर."

मी विचारलं, नाव काढून टाकू का मंडळातून? तो म्हणाला, नाव काढू नको. दरवर्षी मंडळाचं नूतनीकरणाचं पत्र येतं ते आई देवापुढे ठेवते, ते यायला पाहिजे. नाव असू दे. फक्त मी कुणाला सापडायला नको.

ते मला वाटलं तितकं सोपं निघालं नाही. पूर्वी नुसतं लहान अक्षरांत लिहिलं की माणूस मुंबईपासून लपायचा. आता कसंही लिहा, तो सापडणारच, ती वाट मीच बुजवली होती. मग मी सगळ्या नोंदींना एक नवा रकाना जोडला, ज्याच्यापुढे त्यात खूण आहे त्याला वगळायचं असं शोधायच्या प्रोग्रामला सांगितलं, आणि एकाच माणसापुढे खूण केली. गुरुजींनी विचारलं हे काय नवीन. मी म्हटलं, तांत्रिक आहे.

हे आम्हा दोघांत आहे. आईला माहीत नाही. मुंबईचं ऑफिस रविवारी उघडं असतं हे तिला कुणीतरी सांगितलंय, त्यामुळे रविवारी ती मोबाइल ताटाशेजारी घेऊन जेवायला बसते. मी गेलेली असले की हमखास विचारते, "तो कॉम्प्युटर नीट चालतो ना गो आता?" मी म्हणते, चालतो. ती म्हणते, मग येईल फोन. भाऊ समोर बसलेला असतो. तो म्हणतो, येईल, आणि तिच्या पानात भात वाढतो.